पोच आणि उत्तर

पोस्ट जरा लांब झाली आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. विषय आपल्या घरचाच आहे.

१४ डिसेंबरला नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं. ८ तारखेला सुरू झालं होतं, म्हणजे मोजून सात दिवस. त्या सात दिवसांत फुलसावंगीच्या चौकात, चहाच्या टपरीवर भरपूर चर्चा झाली. कोण कोणाला काय बोललं, कोण सभात्याग करून बाहेर आलं, कोणाची क्लिप फिरली, सगळं. पण आपल्या महागाव तालुक्याचा एखादा प्रश्न सभागृहात निघाला का, आणि निघाला असेल तर उत्तर काय आलं, हे एकानंही विचारलं नाही. मी कोणाला नावं ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही विचारलं नसतं.

मला हे कसं कळलं ते सांगतो.

माझे बाबा २०२३ मध्ये गेले. त्यांच्या माघारी लोखंडी पेटी उघडली तर सातबारा, सोसायटीची पुस्तकं आणि लग्नपत्रिकांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी निघाली. तिच्यात नऊ कागद. नऊही निवेदनांच्या प्रती, आणि प्रत्येकावर कोणत्या ना कोणत्या कार्यालयाचा गोल शिक्का. विषय नऊही वेळा एकच: आमच्या वावराकडं जाणारी पांदण मोकळी करून तिथं खडीचा रस्ता व्हावा.

ती पांदण ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. दोन्ही बाजूंनी धुरे सरकत सरकत आले. बंडी जाईल एवढीच वाट उरली, आणि पावसाळ्यात तीही जात नाही. काळी माती. एकदा चाक बसलं की बैलही हात टेकतात. कापूस घरी आणायचा तर दिवाळीपर्यंत वाट सुकायची वाट पाहायची. सोयाबीन भिजलं तर भिजलं.

२०१९ च्या पावसाळ्यात माय निंदणाला गेली आणि धुऱ्यावरून घसरून पडली. पाय मोडला. ऑटो डांबरी रस्त्यावर उभा, आणि माय दीड किलोमीटर आत. चौघांनी बाजेवर घालून आणली. गुडघाभर चिखल होता. वाटेत दोनदा बाज खाली ठेवावी लागली. पाय जोडला गेला, पण वाकडाच. आजही ती भिंतीला धरून चालते. बाबांनी आठवं निवेदन दिलं ते त्याच महिन्यात.

मी चिडून बोललो होतो, "बाबा, किती कागद देता? काही होते का त्याच्यानं?" ते म्हणाले, "पोच हाये ना आपल्याजोळ. मंग?"

त्यांच्यासाठी पोच म्हणजे अर्धं काम झालं. सरकारनं आपला कागद घेतला, शिक्का मारला, म्हणजे सरकारला माहीत आहे. ही समजूत फक्त आमच्या घरची नाही. तुमच्याही पेटीत अशी पिशवी असेल, उघडून बघा.

मग मी दहावं निवेदन लिहिलं आणि ठरवलं की हे थेट नागपुरात द्यायचं. डिसेंबर २०२४. गावातले आम्ही तिघं एसटीनं निघालो. फुलसावंगीहून नागपूर म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर. मुंबईच्या मानानं हे जवळच. आणि ते जवळ असावं म्हणूनच तर तिथं अधिवेशन होतं.

नव्या पोरांसाठी थोडा इतिहास. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ मराठी राज्यात यायचा तर राजधानी जाणार, म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात ठरलं की सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं होईल. १९६० पासून ते सुरू झालं. म्हणजे हे अधिवेशन काही मुंबईकरांची हिवाळी सहल नाही. राजधानी सोडल्याच्या बदल्यात विदर्भाला दिलेला तो शब्द आहे.

तो शब्द कसा पाळला जातो तेही बघा. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली, त्यातलं २०२० चं तर दोन दिवसांचं. २०१८ मध्ये नागपूरला अधिवेशन झालं, पण जुलैत, पावसाळी. ६ जुलैला नागपुरात एवढा पाऊस पडला की विधानभवनात पाणी शिरून वीज गेली आणि कामकाज थांबलं. बाबा तेव्हा पेपर वाचून म्हणाले होते, "पेरणी-डवरणीच्या दिवसात ठेवलं, कास्तकार जाईन कसा?"

तर आम्ही १८ डिसेंबरला नागपुरात पोचलो. आता त्या वर्षीची गंमत आठवा. निवडणुकीचा निकाल नोव्हेंबरात लागला होता. ३९ मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरातच झाला आणि १६ पासून अधिवेशन. मंत्री होते, पण खातेवाटप झालं नव्हतं. खाती जाहीर झाली ती २१ तारखेला, म्हणजे ज्या दिवशी अधिवेशन संपलं त्याच दिवशी. आमचा विषय पांदण. अतिक्रमण काढणं महसूलकडं, मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून काम म्हणजे रोजगार हमीकडं. आम्ही कागद हातात घेऊन विचारत फिरतोय की रोहयोचे मंत्री कोण, आणि कोणालाच माहीत नाही. मंत्र्यांनाही माहीत नव्हतं!

शेवटी एका टेबलावर कागद दिला. शिक्का मिळाला. दहावी पोच.

संध्याकाळी आमदार निवासाजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आमची हकीकत ऐकून हसले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही उशिरा आले. आज नाही, दोन महिने उशिरा. आणि कागदही चुकीचा आणला. निवेदनाला पोच मिळते. उत्तर फक्त प्रश्नाला मिळते."

मग त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो.

आमदार सभागृहात प्रश्न विचारतो, तो अधिवेशनाच्या बराच आधी लेखी द्यावा लागतो. त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. त्याची भाषा ठरलेली असते: अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? हा प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून जिल्ह्याला विचारणा होते, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून गावाला. कारण मंत्र्याला उत्तर द्यायचं असतं. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला, तोंडी चर्चेत आपला नंबर नाही लागला, तरी लेखी उत्तर पटलावर येतं आणि छापलं जातं. त्यात सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंग आणता येतो. निवेदनाच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. निवेदन "उचित कार्यवाहीस्तव" पुढं पाठवता येतं. आमचं दहावं निवेदन तसंच फिरत फिरत सहा महिन्यांनी तालुक्याला आलं, जिथं बाबांनी पहिलं दिलं होतं!

नऊ कागद आणि वीस वर्षं. त्या माणसाला कोणीतरी एवढंच सांगायला पाहिजे होतं की पोच म्हणजे उत्तर नव्हे.

आता आपल्या आमदारकीबद्दल. महाराष्ट्रात विधानसभेचे आमदार २८८ आणि विधान परिषदेचे ७८. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ८ च्या ७ झाल्या, दारव्हा मतदारसंघ गेला. आपण उमरखेड मतदारसंघात, जो तेव्हापासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. लोकसभेला आपण हिंगोलीत. म्हणजे जिल्हा यवतमाळ, विभाग अमरावती, खासदार मराठवाड्याचा. अधिकारी एकीकडं अन् खासदार दुसरीकडं, म्हणून आपल्याला हक्कानं गाठता येतो तो आमदारच.

उमरखेडमधून २००९ ला विजय खडसे, २०१४ ला राजेंद्र नजरधने, २०१९ ला नामदेव ससाने आणि २०२४ ला किसन वानखेडे निवडून आले. चार निवडणुका, चार वेगळे आमदार. कोणाचं काम चांगलं, कोणाचं वाईट, हे मी इथं ठरवत नाही, कमेंटमध्येही ते भांडण नको. मला वेगळंच म्हणायचं आहे. आमदार बदलला की आधीच्या निवेदनांची फाईल कुठं जाते, देव जाणे. पण सभागृहात आलेलं उत्तर आमदार बदलला तरी तिथंच राहतं. पुढचा आमदार ते उत्तर हातात धरून विचारू शकतो की २०२५ ला तुम्ही असं म्हणाला होता, त्याचं काय झालं?

आणि खरं सांगायचं तर आपणच आमदाराला प्रश्न विचारायला लावत नाही. आपण त्याला काय मागतो? लग्नाला या, तेरवीला या, सभामंडप द्या, हायमास्ट द्या. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, हे लहान पोरालाही पाठ आहे. पण आपल्या आमदारानं या अधिवेशनात किती प्रश्न दिले, कोणते दिले, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. आमदाराचं मूळ काम सभागृहातलं, आणि आपण त्याचा हिशेब घेतो मांडवातल्या हजेरीवरून. मग तोही मांडवातच दिसणार.

आपलाच भाग बघा. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईक १९९१ ला मुख्यमंत्री झाले. सत्ता आपण जवळून पाहिलेली आहे. पण मोठा माणूस आपल्याकडचा आहे, तो बघून घेईल, या सवयीनं आपण स्वतः कागद वाचायला शिकलोच नाही, असं मला वाटतं. पटत नसेल तर सांगा.

कोणी म्हणेल, प्रश्नानं काय होतं, मोर्चा काढला तरच सरकार हलतं. मोर्चा काढायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण त्याची किंमत कोण देतं तेही आठवा. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची होती, आणि आमचं म्हणणं कोणीतरी येऊन ऐकावं एवढीच अपेक्षा. आज सीताबर्डीवर त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिघं त्या दिवशी तिथं जाऊन उभे राहिलो. सभागृह तिथून किती जवळ आहे, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सभागृहातला प्रश्न म्हणजे निदान ते अंतर घरी बसून कापायची सोय.

दुसरं कोणी म्हणेल, एका पांदणीसाठी कोणी विधानसभेत प्रश्न विचारतो काय? बरोबर आहे. म्हणून एका पांदणीचा नाही, तालुक्याचा विचारायचा. महागाव तालुक्यात नकाशावर पांदण रस्ते किती, अतिक्रमणाखाली किती, योजनेत मंजूर किती, पूर्ण किती, आणि विलंबाची कारणे काय आहेत? पाच ओळींचा कागद. पण आकडे, गट नंबर आपण जमवून द्यायचे. आमदाराच्या माणसानं शोधत बसायचं नाही.

यंदा सभागृहात आणखी एक अडचण दिसली. डिसेंबर २०२५ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विधानसभेत २०२४ च्या निकालानंतर कोणत्याच विरोधी पक्षाकडं दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नव्हते. विचारणारं मोठं तोंड नसलं की लहान लहान तोंडांनी जास्त विचारावं लागतं. सत्ताधारी आमदारालाही प्रश्न विचारता येतो, त्यात काही पाप नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या येतात, कामकाज मोबाईलवर बघता येतं. क्लिप बघतो त्यातली दहा मिनिटं तिथं दिली तर पुरे.

आता पुढचं. मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन असतं. म्हणजे वेळ आत्ताच आहे, मार्चमध्ये नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांच्या वावराची वाट अडली आहे त्यांनी आपला गट नंबर आणि जुन्या निवेदनांच्या पोच घेऊन या. सगळ्यांचे मिळून एकच कागद करू, ग्रामसभेचा ठराव जोडू आणि वाजतगाजत नाही, चारचौघं साधेपणानं जाऊन आमदारांना देऊ. ठरावाला पक्ष नसतो. आणि अधिवेशन संपल्यावर त्याच चौघांनी पुन्हा जाऊन विचारायचं: साहेब, प्रश्न लागला का? उत्तर काय आलं?

उत्तर "नाही" आलं तरी चालेल. निदान कोणीतरी सही करून "नाही" म्हटलेलं असेल. पुढचा प्रश्न तिथून सुरू करता येतो.

बाबांच्या नऊ पोच मी फेकल्या नाहीत. दहावीही त्याच पिशवीत ठेवली आहे. काल रात्री माय विचारत होती, "नागपूरच्या कागदाचं काय झालं रे?" मी म्हणालो, "तो कागदच चुकला होता माय, आता दुसरा लिवतो." ती भिंतीला धरून उठली आणि पेटीतून ती पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "घे. गट नंबर याच्यावर हायेत."

भेटू ग्रामसभेत.

— फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ