कोपरा जुळत नाही

या मे महिन्यात सास्तूरला मी पंधरा दिवस एक जर्मन रेल्वे स्टेशन बांधत बसलो होतो. डब्यात आलेलं, प्लास्टिकचं. साडू तिकडे नोकरीला असतो, त्याने माझ्या मुलासाठी आणलं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिल्यापासून मुलगा छोट्या आगगाड्यांनी झपाटलेला. पण डबा उघडल्यावर दोनच दिवसांत तो चुलतभावांबरोबर क्रिकेट खेळायला पळाला आणि मी अडकलो.

आत दोनशेच्या आसपास तुकडे, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले. नेलकटरने तोडायचे, घासायचे, सुईच्या टोकाने डिंक लावायचा. हा डिंक प्लास्टिकच विरघळवतो, म्हणजे चुकलं की चुकलंच. खिडकीच्या काचेला माझं बोट लागलं, तो ठसा आता कायमचा प्रवासी म्हणून तिथे बसलाय. सूचनांचा कागद म्हणजे नुसत्या आकृत्या आणि बाण. छत चिकटवल्यावर कळलं की वरच्या मजल्याच्या खिडक्या आधी लावायच्या होत्या. वर सास्तूरचा उन्हाळा: वीज गेली की पंखा बंद, घामाने तुकडे बोटाला चिकटतात, वीज आली की पंख्याच्या वाऱ्याने उडतात. पन्हळीच्या पाइपचा दोन सेंटीमीटरचा तुकडा असाच उडाला.

मी हट्टाला पेटलो त्याचं कारण वेगळं होतं. अब्बा तरुणपणी लातूरहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मिरजेला जायचे, कधी मीरासाहेबांच्या दर्ग्याला, कधी कुणाला दवाखान्यात घेऊन. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 साली सुरू केलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. म्हटलं, या जर्मन स्टेशनचा वरचा मजला कापू, बर्फ घसरावा म्हणून केलेलं ते उतरतं छत बसकं करू, ‘लातूर’ अशी पाटी लावू. अब्बांना दाखवू.

हेक्सॉ ब्लेडने मजला कापला. तिथून खरी वाट लागली. कापलेली भिंत तापून वाकली, आणि चारही भिंती उभ्या केल्या की एक कोपरा उघडा राहायचा. मिलिमीटरभर फट. दाबला की समोरचा कोपरा उघडायचा. दोरीने बांधून रात्रभर ठेवला. सकाळी दोरी सोडली, फट हजर. चार दिवस हेच.

अब्बा दाराशी बाजेवर बसून बघत होते. अब्बा गवंडी. बहात्तरी गाठली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

“दीवार कितने इंच की है रे?” त्यांनी विचारलं.

मी हिशोब केला. नमुना सत्त्याऐंशी पटीने लहान. भिंत दीड मिलिमीटर, म्हणजे खरी असती तर पाच इंच.

“पाँच इंच,” ते हसले. “अपने घर की दो फूट थी.”

हसू तिथेच थांबलं. त्या घराबद्दल अब्बा बोलत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. आम्ही तिघं अंगणात झोपलो होतो, दादी आत. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, पावसाने दरवर्षी गळतं म्हणून दरवर्षी आणखी माती घालून जड केलेलं. मागची भिंत अब्बांनी स्वतः बांधली होती, दादीच्या खोलीची. मी नऊ वर्षांचा होतो. एवढं मला माहीत होतं, आणि यापुढे विचारायचं नसतं हेही.

अब्बांनी ते अर्धवट स्टेशन हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, फटीवरून नख फिरवलं.

“कोने में जोड कहाँ है?”

मग ते बराच वेळ बोलले. भूकंपानंतर गवंड्यांना प्रशिक्षण दिलं, तेव्हा तेही गेले होते. तिथे सांगितलं की आपली दोन फुटी भिंत म्हणजे आतला थर आणि बाहेरचा थर, मधे माती आणि खडे. दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यात दोन भिंतींना बांधणारा लांब दगड नाही. हलली की थर सुटतात. पुढे कितीतरी उभ्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून अब्बांनी त्यांत सळई आणि काँक्रीट भरलं.

“चालीस रुपये का पत्थर नहीं लगाया मैं,” ते म्हणाले. “मालूमच नहीं था.”

मी काय बोलणार? उस्तादांनाही माहीत नव्हतं, सगळं गाव तसंच बांधायचं, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनी फेकायच्या चौकटीचे चार जाड तुकडे माझ्याकडून कापून घेतले आणि प्रत्येक कोपऱ्यात आतून, दोन्ही भिंतींना टेकून, आडवे चिकटवायला लावले. एक कोपरा पुरा वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू दिला नाही. त्यात दोन दिवस गेले.

फट गेली नाही, केसाएवढी राहिली. पण स्टेशन आता हातात धरून हलवलं तरी हलत नाही. अब्बा येता-जाता हलवून बघतात. ‘लातूर’ची पाटी अजून रंगवायची आहे, आणि पन्हळीचा तो तुकडा अम्मी रोज झाडताना शोधते.