बोकडाकडेही बघा

शेळी उलटली की आपण तिलाच भाकड ठरवतो आणि बाजाराच्या दिवशी तिची दोरी खाटकाच्या हाती देतो. बोकडाला कोणी विचारीत नाही. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना हा प्रकार इतक्यांदा पाहिला, की लिहिल्यावाचून राहवत नाही.

एखादी शेळी उलटली तर दोष तिचा असेलही. पण एकाच बोकडाने लागलेल्या चार-पाच शेळ्या अठरा ते एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आल्या, तर आधी बोकड तपासा. एका वस्तीवरच्या आजींनी सहापैकी चार उस्मानाबादी शेळ्या विकायला काढल्या होत्या. “साहेब, बोकड तर चांगला उड्या मारतोय की!” अहो, उडी मारणे वेगळे आणि फळवणे वेगळे. बोकड धरून चाचपला, तर एक वृषण मोठे आणि दुसरे सुपारीएवढे, कडक. शेळ्या शेजारच्या गावी दुसऱ्या बोकडाला दाखवल्या. चारांतल्या तीन गाभण राहिल्या.

तुम्हीही हात लावून पाहा. दोन्ही वृषणे सारखी, भरीव आणि अंडकोशात सहज सरकणारी हवीत. गाठ किंवा सूज असेल, हात लावताच बोकड कळवळत असेल, तर दवाखाना गाठा. एकच वृषण खाली उतरलेला बोकड पैदाशीला ठेवूच नका, तो दोष पिलांत उतरतो. मागचे पाय आणि खुरेही बघा. लंगडा बोकड मनात असूनही उडी घेत नाही.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बोकडाला जबर ताप येऊन गेला, किंवा तो वैशाखाच्या उन्हात सावलीविना बांधला गेला, तर त्याचे बीज बिघडते आणि नवे तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे आज शेळ्या उलटतात त्याचे कारण मागच्या दुखण्यात असू शकते. असा बोकड घाईने कापू नका. दोन महिने विसावा द्या, मग डॉक्टरांकडून त्याचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

शेळ्या गाभडत असतील तर मात्र रक्त तपासायलाच हवे. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, तो रोग माणसालाही होतो.

आणि दवाखान्यात जाताना कोणती शेळी कोणत्या तारखेला दाखवली, ते मुलांकडून कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.