त्याची एकच लाथ

चि. भाच्यास,


परवा सावेडीतल्या गेमिंग कॅफेत ‘टेकन ८’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये एका मुलानं तुला लागोपाठ सहा वेळा पाडलं. घरी येईपर्यंत तुझं एकच पालुपद चालू होतं: “मामा, तो सारखी खालून तीच लाथ मारतो. याला काय खेळ म्हणायचं?” तू चिडलेला होतास म्हणून तेव्हा बोललो नाही. आता पुण्याला पोचला असशील, शांतपणे वाच.

मी तुझ्या मागेच बसलो होतो. त्याची पहिली लाथ तू उभ्यानं अडवायला गेलास आणि खाल्लीस. दहावीही उभ्यानंच. उभ्या बचावात वरचा आणि मधला मार अडतो, पायावरच्या माराला बसावं लागतं, हे तूच मला शिकवलंस. एकदा बसून अडवली असतीस, तर त्याला दुसरं काही शोधावं लागलं असतं. मग त्यानं मधला मार काढला असता, कारण बसलेल्याला तो लागतो. खरा सामना तिथून सुरू झाला असता. त्यानं एक प्रश्न विचारला, तू सहा सामने उत्तर दिलं नाहीस. मग तो दुसरा प्रश्न कशाला विचारेल?

आमच्या कुस्तीच्या तालमीतही असाच एक गडी होता. एकेरी पटाशिवाय त्याला दुसरा डाव येत नसे. आम्ही त्याला हसायचो आणि त्याच पटावर आडवे व्हायचो. वस्ताद म्हणाले, “हसू नका, पाय मागे टाका.” आठवड्याभरात त्याचा पट लागेनासा झाला. तेव्हा कुठे तो ढाक हा दुसरा डाव शिकला.

२ फेब्रुवारी २०२५ ची वाडिया पार्क मैदानावरची महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती आठव. गादी विभागातून पृथ्वीराज मोहोळ, माती विभागातून महेंद्र गायकवाड. मोहोळ जिंकला. मला त्या स्पर्धेची ही रचनाच फार मोलाची वाटते. मातीवरच्या सवयी वेगळ्या, गादीवरच्या वेगळ्या, आणि किताब हवा तर दुसऱ्या बाजूचा मल्ल समजून घ्यावाच लागतो. कुस्तीच्या सुरुवातीची खडाखडी त्यासाठीच असते. प्रेक्षकांना वाटतं दोघं वेळ काढतायत. पण कुणाचा कोणता पाय पुढे राहतो, मान धरली की तो कुठे ओढतो, हे सगळं तिथेच कळतं. तुझ्या खेळातली पहिली फेरी ही तुझी खडाखडी. ती हरलास तरी चालेल, पण काही न बघता हरू नकोस.

तू म्हणशील, त्याचे हात जलद आहेत. पण नुसत्या हातांच्या वेगावर सामना ठरत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

आणखी एक, आणि हे तुला झोंबेल. खाली पडलास की दर वेळी तू उठता उठता लाथ झाडतोस. तिसऱ्या सामन्यापासून तो नुसता थांबायचा, ती अडवायचा आणि मग तुला मारायचा. तू त्याला एकलाथ्या म्हणत होतास, तेवढ्यात त्यानं तुला पुरता वाचला होता. मला तो मुलगा आवडला.

‘टेकन ८’मध्ये जुना सामना बघता बघता मध्येच खेळ आपल्या हातात घेता येतो. ती लाथ येते तिथे घे, बसून अडव, आणि लगेच उलट काय मारता येतं ते शोध. ‘सुपर घोस्ट बॅटल’मध्ये तुझ्याच खेळावरून शिकलेला तुझा प्रतिस्पर्धी उभा राहतो. त्याच्याशी रोज दहा सामने खेळ. पडल्यावर तो काय करतो, ते वहीत लिहून ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. त्याच कॅफेत जाऊ, आणि त्या मुलाला आधी नमस्कार कर.

तुझा,
मामा