निरंक

तक्त्यातला रकाना मोकळा सोडू नये, हा आम्हां कारकुनांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मिळणारा गुरुमंत्र. लिहिण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ लिहावे. रकाना भरतो, साहेबांची सही होते आणि कागद पुढे सरकतो. केंद्र सरकारच्या बारा वर्षांच्या चाकरीत हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे! त्याने मला दोनदा तोंडघशी पाडले. एकदा कचेरीत, आणि दुसऱ्यांदा घरी, जे कुठेच अस्तित्वात नाही अशा एका यंत्राच्या नादाने.

हे यंत्र म्हणजे इथेरियमचे व्हर्च्युअल मशीन. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या जाळ्यातले हजारो संगणक एकाच कल्पित यंत्राची नक्कल करतात, आणि सगळ्यांचे उत्तर एकच यावे लागते. त्यावर जे करारनामे चालतात त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ते माणसाच्या भाषेत नसतात. बाइटकोड नावाच्या आकड्यांच्या माळेत असतात. एकदा माळ जाळ्यावर चढली की सहसा शुद्धिपत्रक काढण्याची सोय उरत नाही. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या करारातल्या एका चुकीमुळे सुमारे ३६ लाख इथर बाहेर काढले गेले. म्हणून करार चढवण्याआधीच ही माळ वाचून दोष दाखवणारे प्रोग्रॅम लिहितात. मी गणिताचा पदवीधर. पदवीचा कचेरीत काही उपयोग नाही, तेव्हा तिला गंज चढू नये म्हणून ग्वाल्हेरच्या आमच्या घरी रात्री दोन तास बसून असा एक प्रोग्रॅम मीही रचू लागलो.

यंत्रापाशी लिहिण्याच्या मुख्यतः तीन जागा असतात. एक स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चिठ्ठ्यांची चवड, जास्तीत जास्त १०२४ चिठ्ठ्यांची. दुसरी स्टोअरेज, ती आमच्या अभिलेख कोठीसारखी, तिथे ठेवलेले टिकते. तिसरी मेमरी. ही लहानपणीची दगडी पाटी समजा. कराराला आलेल्या प्रत्येक हाकेला नवी पाटी मिळते आणि काम संपले की ती नाहीशी होते. पाटीच्या घराघरांत एकेक बाइट मावतो, पण यंत्र बहुधा एका दमात ३२ घरे लिहिते. जिथे कुणी लिहिलेले नाही, तिथे यंत्राच्या नियमानेच शून्य असते.

हा नियम वाचून मला आपले घर सापडल्यासारखे वाटले. लिहिलेले नाही म्हणजे शून्य, म्हणजेच निरंक! मी पाटीच्या जागी एक साधी नोंदवही केली. ज्या पत्त्यावर यंत्राने लिहिले तो पत्ता आणि ती किंमत नोंदवायची. वाचताना पत्ता वहीत मिळाला तर किंमत द्यायची, न मिळाला तर शून्य.

बंगळूरला असलेल्या माझ्या भाच्याने त्याच सुमारास मित्रांसाठी भिशीचा एक करार लिहिला होता. दरमहा सगळ्यांनी भरायचे आणि पाळी असेल त्याने उचलायचे. “मामा, चढवण्याआधी तुमच्या प्रोग्रॅमला एकदा दाखवा ना,” तो म्हणाला. मी दाखवले. अहवाल आला : पैसे घेणारा शून्य, रक्कम शून्य, धोका नाही. मी मोठ्या तोऱ्यात कळवले, “खुशाल चढव!”

तासाभराने त्याचा फोन आला. “मामा, शून्य कसले? मी चाचणीच्या जाळ्यावर पाळी नसलेल्या मित्राचा पत्ता घालून पाहिला. सगळी भिशी त्याच्याकडे गेली!”

चूक सापडायला दोन रात्री लागल्या. पैसे पाठवण्याचा निरोप ६८ बाइटांचा असतो. पहिले ४ कोणते काम करायचे याची खूण, पुढचे ३२ घेणाऱ्याचा पत्ता, शेवटचे ३२ रक्कम. यंत्राने खूण १२८ व्या घरापासून लिहिली, पत्ता १३२ पासून आणि रक्कम १६४ पासून. खूण लिहितानाही ३२ घरे व्यापली गेली होती. त्यांतली मागची २८ पत्त्याने पुन्हा लिहून काढली. माझी वही मात्र निरोप वाचताना ३२-३२ च्या उड्या मारीत १२८, १६० आणि १९२ एवढेच पत्ते शोधत होती. शेवटचे दोन तिला मिळाले नाहीत, आणि तिने गुरुमंत्राप्रमाणे निरंक लिहिले. यंत्राच्या पाटीवर पत्ताही होता, रक्कमही होती. नव्हते ते माझ्या वहीत.

त्या रात्री मला आमच्या कचेरीतला एक निवृत्त शिपाई आठवला. आमच्याकडे येण्यापूर्वी त्याने दुसऱ्या एका कचेरीत दीड वर्ष काढले होते. त्या सेवेच्या पडताळणीचे पत्र मी पाठवले; उत्तर आले नाही. तक्ता पाठवण्याची तारीख उलटत होती. मी पूर्वसेवेच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले. प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन, या हिशेबाने त्याच्या ग्रॅच्युइटीतून पाऊण महिन्याचे वेतन गळाले. तो तीनदा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “बाबूजी, वहाँ भी मैंने नौकरी की थी,” एवढेच म्हणे. मी त्याला तक्ता दाखवी. आठ महिन्यांनी उत्तर आले, सेवा खरी निघाली, पैसेही मिळाले. आता तो बाजारात समोरून आला तर मला नमस्कार करीत नाही. मीही त्याची अपेक्षा करीत नाही.

मी वही फाडली. नव्या रचनेत प्रत्येक घर वेगळे आहे आणि ‘शून्य’ व ‘अज्ञात’ या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. काम वाढले, एक संख्या वाचायची तर ३२ तुकडे जोडावे लागतात. खरी पंचाईत पत्ताच अज्ञात असतो तेव्हा. जॉन मॅकार्थी यांनी १९६२ मध्ये यासाठी एक साधा नियम मांडला होता : वाचायचे घर नुकत्याच लिहिलेल्या घराशी जुळत असेल तर नवी किंमत घ्या, नसेल तर जुनी पाटी पाहा. जुळते की नाही हेच ठरत नसेल, तर दोन्ही शक्यता जपून ठेवाव्या लागतात. अशा दहा-वीस शक्यतांची साखळी झाली की माझा जुना संगणक धापा टाकू लागतो. थोडा दिलासा यंत्राच्या शुल्कातून मिळतो. पाटी वाढवायला ‘गॅस’ नावाचे शुल्क पडते, आणि ते लांबीच्या वर्गाने चढते. एक मेगाबाइटला सुमारे २२ लाख, दोनला सुमारे ८६ लाख. त्यामुळे अज्ञात पत्ता फार दूरचा नसणार, एवढे तरी खात्रीने धरता येते. करार लिहिणाऱ्या भाषेची शिस्तही मदतीला येते. ती नव्या वस्तू सहसा मोकळ्या जागेतच ठेवते. पण ही त्या भाषेची सभ्यता झाली, यंत्राचा कायदा नव्हे. तिच्यावर मी आता अंगठा उठवीत नाही.

भाच्याने करार दुरुस्त केला आहे. नवा प्रोग्रॅम त्यात तीन ठिकाणी ‘अज्ञात’ दाखवतो. “मामा, एखाद्या ठिकाणी तरी निरंक होत नाही का?” तो कुरकुरतो. दोन जागा आम्ही गेल्या आठवड्यात उलगडल्या. तिथे खरोखरच शून्य होते. तिसऱ्या जागी मित्रांची यादी बाहेरून येते आणि तिची लांबी आधी कळत नाही. तिच्यावर रविवारी बसायचे ठरले आहे. तोवर भिशी थांबली आहे, आणि मित्र माझ्या नावाने खडे फोडीत आहेत.