प्लग जळतो तेव्हा

गेल्या हंगामातली गोष्ट. आम्ही दोघे भाऊ अलिबागकडे स्कूटर-मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज चालवतो. पावसाळा सरला की किनाऱ्यावर पाण्यावरच्या स्कूटर, म्हणजे जेटस्की सुरू होतात. त्यातल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची कामेही आमच्याकडे येतात.

एका शेटची दोन सिलिंडरची गाडी होती. आठ दिवसांत तिने प्लगच्या तीन जोड्या खाल्ल्या. भर पाण्यात इंजिन कडकड वाजायचे आणि बंद पडायचे. जेटस्कीला सुकाणू नसते. मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतावरच ती वळते. इंजिन बंद पडले की हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. समोर पोहणारे माणूस असले तर? तेव्हा हा प्रश्न नुसत्या प्लगच्या पैशांचा नव्हता.

शेटने आधी हँडलला लिंबू-मिरची बांधली. मग गाडी चालवणाऱ्या पोरावर ठपका ठेवला. "हाच गाडी दामटतो," म्हणून त्याची आठवड्याची मजुरी कापली. पोरगा आमच्याच वस्तीतला, बारावी करून कामाला लागलेला. याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्यांना पाण्याला शिवू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे-पतवंडे आज पाण्यावर पोट भरतात. अशा पोराची मजुरी कापली गेली आणि आम्ही मात्र गप्प राहिलो. गिऱ्हाईक तुटू नये, एवढाच विचार केला.

एका जुन्या मिस्त्रीने सल्ला दिला, "थंड प्लग टाका." एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडणारा. आम्ही आठचा काढून नऊचा टाकला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी आणि ताप कशाने आला ते बघूच नये, तशातली गत झाली.

केवळ परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. दुःख आहे तर त्याला कारणही आहे. आम्ही ठरवले, कारण शोधायचे.

गाडी वाळूवर ओढली. दोन्ही प्लग काढून कागदावर शेजारी-शेजारी ठेवले. पुढच्याचे टोक तपकिरी होते, निरोगी प्लगचे असते तसे. मागच्याचे पांढरेफटक, त्यावर वितळलेल्या धातूचे बारीक मणी. अर्धे उत्तर तिथेच मिळाले. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडले असते किंवा पोराने गाडी दामटली असती, तर दोन्ही प्लग भाजले असते. दोष एकाच सिलिंडरचा होता.

मग एकेक तपासत गेलो. प्लग ढिला असला तरी तापतो, कारण त्याची उष्णता आट्यांतून आणि वायसरमधून हेडमध्ये उतरते. प्लग घट्ट होता. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत वाळू आणि मीठ अडकते, म्हणून नळाची नळी जोडून पाहिली. इथे एक पथ्य आहे. आधी इंजिन सुरू करायचे, मग पाणी सोडायचे. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. नाहीतर पाणी सिलिंडरात शिरते. बाजूने पाण्याची धार जोरात पडत होती. हेडमधल्या वाटाही मोकळ्या होत्या. कार्बोरेटरचे जेट साफ होते.

शेवटी इंजिन मंद चालू ठेवून मागच्या कार्बोरेटरच्या बुडाशी पिचकारीने पाणी मारले. लगेच आवाज बदलला. तिथले पॅकिंग फाटले होते आणि जादा हवा आत ओढली जात होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की सिलिंडर फार तापतो. शिवाय या इंजिनात ऑइल पेट्रोलातूनच येते, म्हणून पिस्टनही कोरडा पडू लागतो. आणखी थोडे दिवस गाडी चालली असती तर पिस्टन धरला असता.

पॅकिंग हातात घेतले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. पावसाळ्याआधी ते आम्हीच बसवले होते. नव्यासाठी मुंबईला जावे लागले असते, म्हणून काढलेले जुनेच परत लावले होते.

शेटला यातले काही कळणार नव्हते. नवे पॅकिंग टाकून "प्लगच खराब होते" म्हटले असते तरी खपले असते. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात सर्वांबरोबर पंचशील म्हणताना चौथे शील आमच्या घशात अडकले. खोटे बोलण्यापासून दूर राहायचे, ते शील. तोंडाने ते म्हणायचे आणि सकाळी शेटसमोर गप्प बसायचे, हे दोन्ही जमेना.

सकाळी जाऊन आम्ही सगळे सांगितले. शेट खूप बोलला. बिल दिले नाही, आणि पुढे गाडीही आमच्याकडे आणली नाही. पोराची मजुरी मात्र दोन दिवसांनी कुरकुरत परत केली.

आम्हाला वाटले, पोरगा खूश होईल. तो गॅरेजवर आला, जयभीम केला आणि म्हणाला, "दादा, पॅकिंगची चूक तर कोणाकडूनही होते. पण माझी मजुरी कापली तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही नाही.

आता गॅरेजमध्ये दोन नियम केले आहेत. काढलेले पॅकिंग पुन्हा लावायचे नाही. आणि कोणावर ठपका ठेवण्याआधी, किंवा दुसऱ्याने ठेवलेला ऐकून घेण्याआधी, दोन्ही प्लग शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे.