अर्धा पेला

सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द मोठा प्रिय. केंसांचें वळण, सहीचा फरांटा, वादांतला हट्ट, यांत तो तें शोधीत असतो. मला तें दिसलें खामगांव-शेगांव रस्त्यावर. १९१० सालीं समाधि घेतलेल्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परततांना या शेवटच्या मजलेंत हजारों माणसें चालतात, आणि कडेला गांवोगांवचीं मुलें चहा-पाणी घेऊन उभीं असतात. त्यांतल्या एकानें, एका म्हातारीचे हात कांपतांना पाहून, भरलेला पेला अर्धा ओतून काढला. 'घे माय, दमानं,' म्हणाला. आपण कसे दिसतों याचें त्याला भान नव्हतें. दुसऱ्याच्या सुखाची अशी बारीक काळजी ज्याला सुचते, त्याचें व्यक्तिमत्त्व घडूं लागलें असें मी समजतों. आमच्या गुणपत्रिकेंत मात्र त्या अर्ध्या पेल्याला गुण नाहींत.