शेवटचा बदल कधी?

"भाऊ, कालपासून बिलात हमाली चुकतेय. आम्ही तर कशालाच हात लावला नाही." जळगावच्या डाळमिलवाल्यांची आणि धुळ्याच्या जिनिंगवाल्यांची हिशेबाची सॉफ्टवेअरं सांभाळताना हे वाक्य कायम कानावर पडतं. मी ते खोटं धरत नाही, पण पुरावा म्हणूनही धरत नाही. आधी डेटाबेसला विचारतो.

एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक टेबल, व्ह्यू आणि प्रोसीजरच्या दोन तारखा ठेवतो: कधी तयार झालं आणि शेवटचा बदल कधी झाला. ऑरॅकलही ठेवतो. शेवटच्या बदलानुसार यादी उलटी लावली, की हमाली काढणारी प्रोसीजर काल संध्याकाळची वेळ घेऊन सगळ्यात वर दिसते. अर्धं काम इथेच होतं.

पण अर्धंच. ही तारीख रचनेची असते, आतल्या नोंदींची नाही. दराच्या टेबलात कुणी १० चे १२ केले तर ती जागची हलत नाही. उलट टेबलावर नुसता इंडेक्स बांधला तरी एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती पुढे सरकते. ऑरॅकलमध्ये कुणाला परवानगी दिली किंवा काढली तरी. नव्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवून टेबलं उभी केली, की वर्षानुवर्षांची टेबलं एकाच रात्रीत जन्मलेली दिसतात. पोस्टग्रेस तर जन्मतारीख ठेवतच नाही. शिवाय या रकान्यात शेवटचा बदल तेवढा उरतो, आधीचे पुसले जातात.

महसूल खात्याने हे कोडं कागदावर केव्हाच सोडवलंय. सातबाऱ्यावर आजची स्थिती असते, पण खातेदाराच्या नावाशी फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना ६ उघडा: खरेदी की वारस, नोंद कधी घेतली, मंजुरी कुणाची, सगळं सापडतं.

म्हणून मी प्रत्येक डेटाबेसवर डीडीएल ट्रिगर लावतो. रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा, वेळ, लॉगिन आणि संगणकाचं नाव वेगळ्या टेबलात जातं. मात्र ऑफिसातले सगळेच 'एसए' या मुख्य प्रशासकाच्या लॉगिनने आत शिरत असतील, तर रकानाभर 'एसए'च दिसणार. ज्याचं त्याला लॉगिन हवं. कारणाचा रकाना मात्र यंत्राला भरता येत नाही, तो माणसानेच लिहायचा: "हमालीचा नवा दर, शेठजींच्या सांगण्यावरून."

तुमच्याकडे हे नसेल तर आजच करून घ्या. ट्रिगर लावण्याआधी काय घडलं, ते तो सांगू शकत नाही.